मशीन महागलं की नफा कुठे जातो: प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२५

काम सुरू. बिटकॉइन मायनिंगची (म्हणजे सतत आकडेमोड करून नवे बिटकॉइन मिळवणारी) नवी मशिनं घ्यायची का, आणि घ्यायची तर टेराहॅशला (मशीनच्या वेगाचं माप: सेकंदाला एक लाख कोटी हॅश) जास्तीत जास्त किती मोजायचे, एवढं सांगणारी एक शीट हवी आहे. ऑनलाइन कॅल्क्युलेटर पैशाला पासरी मिळतात. सगळ्यांचा गाभा एकच: आजच्या कमाईतून आजची वीज वजा करा, उरलेल्याने मशीनच्या किमतीला भागा, आले वसुलीचे दिवस. वजाबाकी ठीक आहे. भागाकारावर माझा विश्वास नाही, आणि हार्डवेअरचे भाव चढत असताना तर अजिबातच नाही.

पायाचे आकडे मुद्दाम गोल घेतले. बिटकॉइनचा भाव १,००,००० डॉलर. नेटवर्कचा हॅशरेट, म्हणजे जगभरच्या मशिनांचा मिळून वेग, १,००० एक्साहॅश (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश). सरासरी सध्या त्याच्याच घरात आहे. एप्रिल २०२४ च्या हाल्व्हिंगनंतर (साधारण चार वर्षांनी बक्षीस निम्मं होतं ते) एका ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे, ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे जगभरच्या सगळ्या मायनरांना मिळून रोज ४५०. ते नेटवर्कवर वाटले की एका टेराहॅशच्या वाट्याला दिवसाला ४५ सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) येतात. व्यवहार फी यंदा इतकी किरकोळ आहे की शीटमध्ये शून्यच धरली.

नमुन्याला अँटमायनर एस२१ घेतलं: २०० टेराहॅश, ३,५०० वॉट. दिवसाची कमाई ९,००० सातोशी, म्हणजे ९ डॉलर. वीज ८४ युनिट. युनिटला ५ सेंट धरले तर ४.२० डॉलर. पूलची (मायनर एकत्र येऊन कमाई वाटून घेतात त्या गटाची) फी २ टक्के, १८ सेंट. हातात उरतात ४.६२ डॉलर.

या हिशेबात मशीनची किंमत कुठेच आली नाही. मशीन फुकट मिळालेलं असो की दामदुप्पट मोजून आणलेलं, रोजचे ४.६२ तेवढेच राहतात. तेव्हा 'हार्डवेअर महागलं, मायनिंग परवडेना' हे सरसकट वाक्य ज्याची मशिनं आधीच चालू आहेत त्याला लागू होत नाही. त्याच्या बाबतीत काय होतं ते वेगळं बघायचं आहे.

११ सप्टेंबर

टेराहॅशला १५ डॉलर धरले तर एस२१ ३,००० डॉलरला पडतं. साध्या भागाकाराने ६४९ दिवसांत वसूल. भाव २० वर गेला, मशीन ४,००० ला झालं, तर ८६६ दिवस. म्हणजे वरचे हजार डॉलर भरून काढायला आणखी सात महिने लागतील, एवढंच कॅल्क्युलेटर सांगतो. ऐकायला काही वाईट वाटत नाही. थांबू सात महिने.

मात्र ४.६२ हा आकडा सात महिने जागेवर थांबणार नाही. दर २,०१६ ब्लॉकनंतर, साधारण दोन आठवड्यांनी, डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक शोधणं किती अवघड ते माप, नव्याने ठरते. जगात मशिनं वाढली की तेच ४५० बिटकॉइन जास्त जणांत वाटले जातात. वीजबिल मात्र एक सेंटही कमी होत नाही.

शीटमध्ये हे घातलं. बिटकॉइनचा भाव स्थिर, ऑर्डर दिल्यापासून मशीन चालू होईपर्यंत दोन-तीन महिने, आणि तिथून पुढच्या हाल्व्हिंगपर्यंत (२०२८ चा एप्रिल किंवा आसपास) २८ महिने. एका एस२१ मधून वीज आणि फी जाऊन एकूण किती सुटतं ते असं:

डिफिकल्टी अजिबात वाढली नाही तर ३,८८१ डॉलर.
महिन्याला १ टक्का वाढली तर २,९७०.
२ टक्के वाढली तर २,२१६.
३ टक्के वाढली तर १,५९६, आणि हेही सव्विसाव्या महिन्यात संपतं, कारण त्यापुढे वीजच कमाईच्या वर जाते.

हाल्व्हिंगनंतरचं काही धरलेलं नाही. वाढ शून्य मानली तरी त्यानंतर दिवसाला २१ सेंट उरतात. एक पंखा गेला की महिन्याची कमाई गेली.

म्हणजे ३,००० चं मशीन १ टक्का वाढीला जेमतेम काठावर येतं. ४,००० चं मशीन वाढ शून्य असली तरी काठ गाठत नाही. त्या वरच्या हजारासाठी सात महिने थांबायचा प्रश्नच उरत नाही, कारण ते वसूल करायला महिनेच शिल्लक नसतात. शीटमधून दिवसांचा रकाना काढून टाकला. त्याजागी एकच आकडा ठेवला: हाल्व्हिंगपर्यंत या मशीनमधून एकूण किती सुटेल. विक्रेत्याचा भाव त्याच्या वर असेल तर पुढचं बोलणं नाही.

१५ सप्टेंबर

डिलिव्हरीला महिनाभर उशीर झाला तर काय, अशी विचारणा आली. पहिला महिना सगळ्यात कसदार असतो, त्यामुळे तोच जातो: १३९ डॉलर प्रति मशीन. करारात उशिराच्या भरपाईचं कलम मागायचं. देतील असं वाटत नाही.

२२ सप्टेंबर

जुने भाव चाळले. २०२१ च्या शेवटी बिटकॉइन ६९,००० डॉलरला टेकला तेव्हा सगळ्यात काटकसरी मशिनांना टेराहॅशमागे १०० डॉलरच्या वर भाव होता. वर्षभराने, २०२२ च्या शेवटी, बिटकॉइन १६,००० च्या आसपास आणि त्याच प्रतीची मशिनं २० च्या खाली. मशीन तेच, चिप तीच, बनवायचा खर्चही साधारण तोच. उत्पादक भाव लावतो तो 'हे मशीन गिऱ्हाइकाला किती मिळवून देईल' यावर. मायनिंगची कमाई वाढली की वाढीचा मोठा वाटा तो किमतीतून आधीच काढून घेतो. १०० ला घेऊन कर्जावर मशिनं लावणाऱ्यांचे हाल झाले. कोअर सायंटिफिकसारख्या मोठ्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. वीज महाग झाली हे त्यात होतंच, पण गळ्याशी आलं ते फुगलेल्या भावाने घेतलेल्या मशिनांचं कर्ज.

ग्राफिक कार्डांची गोष्ट वरून सारखी दिसते, आतून वेगळी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं ते ६९९ डॉलर छापील किमतीला. २०२१ मध्ये तेच कार्ड दुय्यम बाजारात दुपटीच्या वर गेलं. इथेही मायनर होते, पण गेम खेळणारेही होते, चिपचा तुटवडाही होता. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० वर इथेरियमच्या (तेव्हा ग्राफिक कार्डांवर मायनिंग होणारं नाणं) हॅशरेटला लगाम घातला तो याच भांडणातून. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं. लाखो कार्डं एका दिवसात इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन, एर्गो या छोट्या नाण्यांवर येऊन पडली आणि तिथली कमाईही बसली. पण कार्ड विकता आलं. एसिक मशीन (एस२१ सारखं, एकाच कामाच्या चिपचं) बंद पडलं तर त्याचं दुसरं काही करता येत नाही. एसएचए-२५६, म्हणजे बिटकॉइनची आकडेमोड, सोडून त्याला काही येत नाही.

शीटमध्ये एक रकाना वाढवला: 'भाव कोणामुळे वाढला'. मायनरांच्याच मागणीने वाढला असेल तर तीच मशिनं काही महिन्यांनी नेटवर्कवर येणार, डिफिकल्टी चढणार, आणि महाग घेणाऱ्याला दोन्हीकडून मार. बाहेरच्या कारणाने वाढला असेल तर मशिनं कमी विकली जाणार आणि डिफिकल्टी मंदावणार.

२४ सप्टेंबर

वरचं दुसरं वाक्य आकड्यांत बसवून पाहिलं. समजा बाहेरच्या कारणाने एस२१ चा भाव ३,००० वरून ४,००० झाला आणि त्यामुळे डिफिकल्टीची वाढ महिन्याला २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली.

ज्याच्याकडे मशीन आहे त्याची हाल्व्हिंगपर्यंतची कमाई २,२१६ वरून २,९७०. बसल्या जागी ७५४ डॉलर जास्त.

जो आज घेणार आहे तो आधी ७८४ डॉलरने खाली होता, आता १,०३० ने. डिफिकल्टी निम्म्या वेगाने चढली तरी त्याचं भागत नाही.

एकाच भाववाढीने एकाचं भलं आणि दुसऱ्याचं वाटोळं. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनने मायनिंगवर बंदी आणली, तिथली मशिनं बंद झाली, आणि जुलैच्या सुरुवातीला डिफिकल्टी एका फटक्यात २८ टक्क्यांनी उतरली. बाहेर ज्यांची मशिनं चालू होती त्यांनी काही विकत न घेता कमाई वाढलेली पाहिली. कारण वेगळं, यंत्रणा तीच: दुसऱ्याचं मशीन नेटवर्कवर नसणं हीच आपली कमाई.

६ ऑक्टोबर

जुनी मशिनं. नवीन महाग झालं की सगळ्यांची नजर सेकंडहँडकडे वळते, म्हणून तोही हिशेब.

एस९ (२०१६ चं, १३.५ टेराहॅश, १,३२० वॉट): दिवसाला ६१ सेंट कमाई, वीज १.५८ डॉलर. फुकट दिलं तरी नको. वीज दोन सेंटच्या खाली असेल तरच चालवायचं.

एस१९ प्रो (२०२० चं, ११० टेराहॅश, ३,२५० वॉट): कमाई ४.९५, वीज ३.९०, फी जाऊन साधारण ९५ सेंट. डिफिकल्टी महिना १ टक्का वाढली तर हे मशीन जवळजवळ दोन वर्षं तग धरतं आणि एकूण ३१६ डॉलर देतं. ३ टक्के वाढली तर आठ महिने आणि ११६ डॉलर. याच्यापलीकडे त्याची किंमत नाही, मग ते कितीही 'नव्यासारखं' असो.

जुन्या मशीनची खरी गंमत हॅशबोर्डात, म्हणजे चिप बसवलेल्या पाटीत, आहे. एस१९ प्रो मध्ये तीन बोर्ड, प्रत्येकावर ११४ चिप. वीज या चिपना तीन-तीनच्या ३८ गटांतून एकापाठोपाठ एक मिळते आणि सिग्नलही चिपमधून चिपमध्ये रांगेनेच जातो. एखाद्या चिपचा टाका सुटला की त्याच्या पुढची सगळी आळी अंधारात. आज तपासलेल्या बोर्डाच्या लॉगमध्ये ११४ ऐवजी ४१ चिप दिसत होत्या, म्हणजे दोष एकेचाळिसाव्या-बेचाळिसाव्या चिपपाशी. हीटसिंक गरम हवेने काढला, खाली टाक्याला केसाएवढी चीर. चिप बदलली, बोर्ड उठला.

पण दुरुस्तीला हात लावायच्या आधी विचार हवा. एक बोर्ड म्हणजे मशीनचा तिसरा हिस्सा, दिवसाला ३२ सेंट, उरलेल्या आयुष्यात फार तर १०५ डॉलर. दुरुस्तीचं बिल त्याच्या वर गेलं तर बोर्ड सुट्या चिपसाठी ठेवायचा. नवीन मशीन महागलं की सुट्या बोर्डांचे आणि पॉवर सप्लायचेही भाव मागून चढतात, हे लक्षात ठेवून दोन पॉवर सप्लाय आत्ताच घेऊन ठेवले.

१४ ऑक्टोबर

आयात शुल्क. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने मलेशियावर २४, इंडोनेशियावर ३२ आणि थायलंडवर ३६ टक्के शुल्क जाहीर केलं. अमेरिकेत जाणारी बरीच मायनिंग मशिनं याच देशांतल्या जुळणीची. आठवड्यात स्थगिती आली, दर १० टक्क्यांवर आला, आणि ऑगस्टमध्ये तिघांवर १९ टक्के लागलं. ३,००० च्या मशीनवर १९ टक्के म्हणजे ५७० डॉलर, आजच्या कमाईने चार महिन्यांची राबणूक. हॅशरेटचा मोठा वाटा अमेरिकेत असल्याने हे फक्त तिथल्यांचं दुखणं राहत नाही. तिकडे न खपलेलं मशीन दुसरीकडे स्वस्तात जातं आणि डिफिकल्टी जगाला एकच आहे.

'भाव कोणामुळे वाढला' या रकान्यात ही नोंद 'बाहेरचं कारण' म्हणून गेली.

२७ ऑक्टोबर

मशीनपलीकडचं हार्डवेअर. ट्रान्सफॉर्मर, वितरण पेट्या, केबल, पंखे. ट्रान्सफॉर्मरची वाट पाहण्याचा काळ गेल्या काही वर्षांत सगळीकडे लांबला आहे. डेटा सेंटर उभारणारे आणि वीज कंपन्या त्याच रांगेत आहेत.

त्याचा परिणाम मशीन निवडण्यावर होतो. एक मेगावॉट जागा धरली तर एस१९ प्रो ३०७ बसतात, ३३.८ पेटाहॅश (एक पेटाहॅश म्हणजे हजार टेराहॅश). त्याच एक मेगावॉटमध्ये एस२१ २८५ बसतात, ५७ पेटाहॅश. वीजबिल तेवढंच, रोजची कमाई १,५२० डॉलरऐवजी २,५६५. ट्रान्सफॉर्मर जितका महाग आणि दुर्मिळ, तितकं जागा आणि वॉट वाचवणारं मशीन जास्त भावाला परवडतं. टेराहॅशमागे डॉलर एवढंच बघणारा इथे फसतो. शीटला 'प्रति मेगावॉट' हे दुसरं पान जोडलं.

आणखी एक, हे बऱ्याचदा उलटं केलं जातं. मशीन महाग आणि वीज स्वस्त असेल तर ते पूर्ण ताकदीने चालवायचं, कारण पैसे टेराहॅशचे मोजलेत. मशीन स्वस्तात आलं असेल आणि वीज महाग असेल तर चिपची फ्रिक्वेन्सी उतरवायची, हॅश थोडा कमी होतो पण ज्यूल प्रति टेराहॅश, म्हणजे तेवढ्याच कामाला लागणारी वीज, सुधारतं. जुनी एस१९ प्रो उतरवून आणि नवी एस२१ पूर्ण, असं एकाच शेडमध्ये चालवण्यात काही विसंगती नाही.

२५ नोव्हेंबर

बाजार उतरला. पायाचे आकडे बदलले: बिटकॉइन ९०,०००, नेटवर्क १,०५० एक्साहॅश. एस२१ ची दिवसाची कमाई ७.७१, वीज-फी जाऊन ३.३६.

बिटकॉइन १० टक्क्यांनी उतरला, रोजचा नफा २७ टक्क्यांनी. मशीनची किंमत? १ टक्का वाढ आणि तेच २८ महिने धरले तर २,९७० वरून २,०४२. म्हणजे घट एक तृतीयांशाच्या जवळ. त्यात सप्टेंबरपासून गेलेले महिने वजा केले (आज ऑर्डर दिली तर हाल्व्हिंगपर्यंत २५ महिने मिळतील) तर १,८९५. टेराहॅशला साडेनऊ डॉलर. २ टक्के वाढीला १,३६६, टेराहॅशला ६.८०.

हातातलं कोटेशन टेराहॅशला १४ डॉलरचं आहे आणि ते सप्टेंबरपासून हललेलं नाही. उत्पादकाला भाव पाडायला वेळ लागतो. आधी जुना साठा खपवायचा असतो. २०२२ मध्येही मशिनांचे भाव नाण्यामागून महिनोन् महिने घसरत राहिले होते. विक्रेत्याचा आग्रह आहे की 'चिप महागल्यात, आता भाव वरच जाणार'. जाऊ देत. तसं झालं तर २४ सप्टेंबरच्या नोंदीप्रमाणे आपल्या चालू मशिनांना ते बरंच आहे.

८ डिसेंबर

रॅम. महिन्याभरात डीडीआर५ (संगणकाची नव्या पिढीची मेमरी) चे भाव असे चढले की सीपीयू मायनिंगचा, म्हणजे साध्या प्रोसेसरवरच्या मायनिंगचा, वेगळा हिशेब करावा लागला. मेमरी बनवणाऱ्या तीन बड्या कंपन्यांनी, म्हणजे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांनी, एआयच्या सर्व्हरांकडे मोर्चा वळवला आहे. मायक्रॉनने ३ डिसेंबरला क्रुशल या ब्रँडचा किरकोळ व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मोनेरो हे प्रोसेसरवर मायनिंग होणारं नाणं नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स या अल्गोरिदमवर चालतं. त्याला वेगाने चालायला दोन गिगाबाइटच्या वर थोडी मेमरी लागते. पण दोन गिगाबाइटची डीडीआर५ पट्टी कोणी विकत नाही आणि दोन्ही चॅनल भरले नाहीत तर हॅश पडतो, त्यामुळे गरज नसलेल्या मेमरीचेही पैसे मोजावे लागतात.

ढोबळ आकडे: दर दोन मिनिटांनी ०.६ मोनेरो, दिवसाला ४३२. नेटवर्क ५ गिगाहॅश धरलं, चांगला डेस्कटॉप प्रोसेसर २० किलोहॅश, भाव ३५० डॉलर. दिवसाला ६० सेंट, १५० वॉटची वीज १८ सेंट, राहिले ४२. रॅममुळे रिगची (मायनिंगसाठी जुळवलेल्या संगणकाची) किंमत १५० डॉलरने वाढली तर ३५७ दिवस फक्त त्या वाढीसाठी राबायचं.

इथे भाव मायनरांच्या मागणीने मुळीच चढलेला नाही. मोनेरो उद्या निम्म्यावर आला तरी रॅम स्वस्त होणार नाही. एसिक घेणाऱ्याला निदान हा दिलासा असतो की बाजार पडला की मशीनही पडतं आणि थांबणाऱ्याला स्वस्तात मिळतं. सीपीयूवाल्याला तेही नाही. उलट बाजूने, रिग आधीच उभी असेल तर पट्ट्या विकून येणारे पैसे मायनिंगपेक्षा जास्त भरतात का, हेही एकदा बघावं. आमच्या दोन रिगपैकी एकीत ६४ गिगाबाइट आहे. तिच्यातली निम्मी काढतो.

१५ डिसेंबर

निर्णय झाला, शीट गोठवली.

नवीन एस२१ ची ऑर्डर नाही. विक्रेत्याला लेखी कळवलं: टेराहॅशला ९ डॉलर, पोहोच खर्च धरून, उशिराला महिन्यामागे मशीनमागे १०० डॉलर सूट. नाही म्हणाले. मार्चमध्ये पुन्हा विचारायचं. तोपर्यंत मर्यादा आणखी खाली आलेली असेल, कारण हाल्व्हिंग तीन महिन्यांनी जवळ आलेलं असेल. शीटमध्ये ती मर्यादा दर डिफिकल्टी बदलाला आपोआप मोजली जाते.

चालू एस१९ प्रो पैकी ज्यांचे तिन्ही बोर्ड धड आहेत ती उतरवलेल्या फ्रिक्वेन्सीवर ठेवायची. दोन बोर्डांवर आलेली आठवड्याभरात उघडून एकाचे बोर्ड दुसऱ्यात. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की आणलेल्या पैशांचं थेट बिटकॉइनच घेऊन ठेवावं. भाव स्थिर धरला तर १४ च्या कोटेशनपेक्षा ते सरळसरळ बरं आहे, आणि भाव चढला तर मशीन स्वस्त राहणार नाही हे आपण बघितलंच. त्यावर वेगळी बैठक सोमवारी.

सुट्या भागांची यादी पाठवली: चार पंखे, एक कंट्रोल बोर्ड, थर्मल पेस्ट. रॅमच्या पट्ट्यांना गिऱ्हाईक मिळालं.